बिनजमिनीच्या राज्याचा घोडेस्वार

गुरुवार, २७ फेब्रुवारी २०२५, सातारा

जोतिबाने चहा घेतला नाही. आज वही काढली ती एवढ्याच गोष्टीसाठी, कारण कुणाजवळ बोलायची सोय नाही.

जोतिबा माझ्या नवऱ्याच्या, शिवतेजच्या बटालियनमधला, खटावकडचा. दोघेही नोव्हेंबरपासून दक्षिण सुदानात, शांतिसेनेत. तो सुट्टीवर आलाय हे आम्हाला ठाऊकही नव्हतं. दुपारी अचानक दारात उभा. मखमलीची छोटी डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "भाऊंनी दिलंय वहिनी. घरात नीट ठिवा म्हणालेत."

"आत तर या. चहा टाकते."

"नगं, गडबड हाय."

"निदान पाणी?"

"नगं वहिनी." सगळं बोलणं चपलांच्या मांडणीकडे बघून. शिवतेजचा फोन पंधरा-वीस दिवस लागत नाही म्हटलं, तर म्हणाला, "बिघडलाय त्यांचा फोन," आणि गाडीला किक मारली.

सासूबाई माझ्या मागेच होत्या. मी त्यांना आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा. (शिवतेजला तोंडावर अहो म्हणते आणि इथे अरेतुरे. वहीला कुठे सासू आहे.) त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं. मयत झालेल्या घरात माणूस पाणी पीत नाही.

डबीत चांदीचं जाड नाणं. मारी बिस्किटाएवढं. त्यावर घोडेस्वार, हातात उगारलेली तलवार, घोड्याच्या पायाखाली काहीतरी वळवळणारं. आत्यांनी ते पदराच्या टोकात धरून देवघराकडे नेलं आणि टाकांच्या शेजारी धरलं. आमच्या देवघरात खंडोबाचा टाक आहे, भवानीचा आहे आणि तिसरा वीराचा आहे. या घरात लढाईत गेलेल्या माणसाचा चांदीच्या पत्र्यावर टाक करून देवांत बसवतात. तिसरा टाक मामांच्या थोरल्या भावाचा, नाथाजींचा. ते एकाहत्तरच्या लढाईत गेले. माणूस पायदळातला, घोड्यावर जन्मात बसला नसेल, पण टाकात घोड्यावर आहे आणि तलवार उगारलेली आहे. वीर घोड्यावरच असतो.

आत्या मटकन खाली बसल्या. "संयोगिता, वीराचा टाक हाय ह्यो. कुणाचा धाडलाय?"

मी हसले. हसू चांगलं जमलं नाही.


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

टाक नाही, नाणं आहे! शाळेतून भिंग आणलं आणि कडेची अक्षरं एकेक करून फोनमध्ये घातली. फोटो काढला असता तर काम पाच मिनिटांचं होतं, पण आत्या म्हणाल्या, टाकाचा फोटू काढत न्हाईत. हा टाक नाही हे सिद्ध करायलाच निघाले होते, तरी काढला नाही. मला भीतीच वाटली, खोटं कशाला लिहू.

युरोपात एक जुना सेवासंघ आहे, संत व्हालेरियोच्या नावाचा. पूर्वी कधीतरी त्यांचं एक बेट होतं, ते लढाईत गेलं. आता जमीन म्हणाल तर एक इमारत आणि मागचं अंगण. तरी ते सार्वभौम! त्यांचे राजदूत आहेत, पासपोर्ट आहेत, स्वतःची नाणी आहेत, आणि लढाया चालू असतात तिथे त्यांचे दवाखाने आहेत. हे नाणं त्यांच्या कुठल्याशा वर्धापनाचं, स्मृती म्हणून काढलेलं. बाजारात चालणारं नव्हे.

मी नववीला नागरिकशास्त्र आणि भूगोल शिकवते. राज्याचे घटक चार, लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था, सार्वभौमत्व. एक जरी कमी पडला तरी राज्य नाही, असं मी गेली सात वर्षं फळ्यावर लिहितेय, आणि इथे एक महाशय भूप्रदेशच गाळून नाणं पाडून मोकळे. मामांना सांगितलं तर ते हसले नाहीत. एरवी असल्या गोष्टीवर ते तासभर बोलले असते. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, त्यांना जगातली सगळी राज्यं पाठ. आज नुसतं "बरं" म्हणाले.

आत्यांना समजावलं. त्या म्हणाल्या, "जमीन न्हाई म्हंतीस आन् राज्य हाय म्हंतीस. मग त्ये राज्य वरच हाय की." आणि बोट आढ्याकडे.

मागच्या बाजूला एक ओळ आहे. तिचं भाषांतर मी त्यांना सांगितलं नाही. फोन म्हणतो, "जो पडला त्याच्यासाठी."

आमच्याकडे लढाईत पडला म्हणजे काय, ते सांगायला फोन लागत नाही.


रविवार, २ मार्च

आत्यांनी नाणं देवघरात ठेवलं नाही आणि बाहेरही ठेवलं नाही. तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलंय. टाक म्हणून बसवला तर पोरगा गेला हे आपणच कबूल केल्यासारखं होतं, आणि टाकून द्यावा तर तो वीर, त्याचा कोप. मी म्हटलं, "आत्या, तो परदेशी संत आहे."

"घोड्यावर हाय न्हवं? तलवार हाय न्हवं?"

काल संध्याकाळपासून त्या जेवत नाहीत, नुसत्या चहावर आहेत. मामा खेकसले, "खुळी हायस का? पोरगा धडधाकट हाय माझा!" एवढ्या जोरात, की शेजारच्या माने काकू गॅलरीत आल्या.

मामा उद्या सैनिक कल्याण कार्यालयात जाणार आहेत, हयातीचा दाखला द्यायला म्हणे. दाखला नोव्हेंबरात देतात आणि मीच त्यांना घेऊन गेले होते. मामांचंही वय झालं. एकेक सांभाळता सांभाळता माझं डोकं फिरायची वेळ आलीय.


बुधवार, ५ मार्च

जिवंत आहे! जिवंत आहे!

सकाळी अनोळखी नंबरवरून त्याच्या आवाजातला निरोप आला. "मी बरा हाय. काळजी करू नगं. दुपारी फोन करतो." नंबर इथलाच, पण तिथल्या सगळ्या पोरांचे व्हॉट्सॅप इथल्याच नंबरांवर असतात. मी तसाच तो आत्यांच्या कानाला लावला. त्यांनी तीनदा ऐकला. मग म्हणाल्या, "आवाज गेल्याल्या माणसाचा बी मोबाईलात ऱ्हातो, पोरी."  खरंच, निरोपावर कालपरवाची कुठलीच खूण नव्हती.

पण मधल्या सुट्टीत फोन आला. मी प्रयोगशाळेत जाऊन दार लावून घेतलं. आधी रडले, मग भांडले. तो हसत होता, पण जरा उशिरा हसत होता, आपण काही बोलल्यावर समोरचा ऐकून मग ठरवून हसतो तसं.

"नाणं मिळालं?"

"मिळालं. तुमच्या आईनं त्याचा तुमचाच टाक करून टाकलाय." मी थट्टेने बोलले. तो हसला नाही.

"संयू, त्याच्यावर काय हाय सांग."

"म्हणजे? तुम्हीच पाठवलंत आणि मलाच विचारता?"

"सांग की. घोड्याचं तोंड कुठल्या अंगाला हाय?"

"डावीकडे."

"डावीकडंच न्हवं? आन् पोटाखाली कायतरी लांबट हाय, त्ये काय हाय?"

"मगर आहे. नाहीतर त्यांच्याकडचा कसला तरी राक्षस. पंख आहेत."

"मगर व्हय!" त्याला केवढा आनंद झाला. "मला दोरी वाटलीती. लगाम सुटलाय जणू."

मला रागच आला. इतक्या लांबून, कुणाच्या तरी हाती एवढी किमती वस्तू धाडायची आणि धाडताना एकदा धड बघायचीही नाही! मी म्हटलं, "व्हिडिओ कॉल करा, दाखवते." तर म्हणे नेट पुरत नाही. "जपून ठिव. मी आल्यावर मला लागंल त्ये," असं दोनदा म्हणाला. मग मागे कुणी बाई इंग्रजीत म्हणाली, "स्लोली, स्लोली," आणि फोन बंद.

कोण ही स्लोलीवाली?


शनिवार, ८ मार्च

शाळेत महिला दिन. मला गुलाब मिळाला. माझ्या मनात काय चाललंय ते त्या गुलाबाला कळलं असतं तर जागीच सुकला असता.

बुधवारपासून त्या बाईचा आवाज डोक्यातून जात नाही. गोड आवाज, दिसायलाही तशीच असणार. हा लिहून एक अक्षर पाठवत नाही, सगळे निरोप तोंडी. लिहायला काय हात मोडलाय? फोटो मागितला तर "मग पाठवतो". चेहरा दाखवायचा नाही म्हणजे काहीतरी लपवायचंच आहे. आधी तो मेला असेल म्हणून घाबरले, आता तो जिवंत राहून मला सोडेल म्हणून घाबरतेय. भीतीला निमित्तच हवं असतं, माणूस तोच.

आज पुन्हा फोन आला. आवाज खूप स्वच्छ, शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा. मागे कोकिळा ओरडत होती. सुदानात कोकिळा असते? भूगोल शिकवणाऱ्या बाईला हे माहीत नसावं ही शरमेची गोष्ट आहे. पुस्तकात बघायला हवं.

मामा पहाटे पुण्याला गेले होते, कुणा जुन्या मित्राला बघायला. जाताना माझ्याकडून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी करून घेतली. "चटणीत लसूण जास्त घाल, त्याला आवडती." शिवतेजलाही तशीच आवडते. संध्याकाळी परतले तेव्हा डोळे लालभडक. खंबाटकीच्या घाटात धूळ लय होती म्हणाले. जेवले नाहीत. आता घरात न जेवणारे दोन झाले.


मंगळवार, ११ मार्च

आत्यांना आज भोवळ आली. मोरीच्या उंबऱ्यावरच बसल्या आणि कलंडल्या. डॉक्टर घरी आले. साखर पार उतरलेली. "आजी, दोन घास खायला हवेत, नाहीतर भरती करावं लागेल," म्हणाले. आत्यांनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

डॉक्टर गेल्यावर मी पायाशी बसले. म्हटलं, "आत्या, फोन येतोय की त्यांचा. तुम्हीही बोललात. मग?"

"बोलतुया. पर माझं पोरगं नीट बोलत न्हाई. आईला फसवतंय. त्यो घोडेस्वार घरात असूस्तवर माज्या घशाखाली घास उतरत न्हाई. जित्त्या माणसाचा टाक घरात ऱ्हाऊ नये, संयोगिता. त्यो टाक माणसाला वडतो."

"मग काय करू? नदीत सोडू?"

"वीराला पाण्यात सोडत न्हाईत. मोडायचा. आगीत. तुझा भाऊ हाय न्हवं गलाईवाला?"

माझा भाऊ इंद्रजित विट्याचा. विट्यातल्या निम्म्या घरांसारखं आमचंही गलाईचं दुकान, कोइमतूरला. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायची. सध्या तो धुळवडीसाठी गावी आलाय. त्याला फोन केला.

मामांनी ऐकलं आणि दारातून ओरडले, "नगं! त्याचं हाय त्ये. त्याला पायजे म्हणालाय न्हवं?"

"मामा, पण आत्यांची अवस्था बघा. काय पायजे त्यांना त्या नाण्याचं? नीट बघितलंही नव्हतं त्यांनी."

मामांनी एकदा आत्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग चप्पल घालून बाहेर निघून गेले. त्यांनाही त्या चांदीचा लोभ सुटला असेल का? छे. पण मग काय?

मी ठरवलंय. नाण्यापेक्षा माणूस मोठं. शिवतेज चिडला तर चिडू दे, त्याच्याच आईसाठी करतेय. शिवाय खरं लिहायचं तर मलाही तो घोडेस्वार घरात नको झालाय. भाताला तांदूळ काढताना मी डब्यात बघत नाही.


शुक्रवार, १४ मार्च, धुळवड, विटा

मोडला.

इंद्रजित सकाळी गाडी घेऊन आला. आत्यांना मागच्या सीटवर आडवं केलं. नाणं त्यांच्या पदराच्या गाठीत. मामा आले नाहीत. दारात उभं राहून म्हणाले, "उद्या गेलीस तर न्हाई का चालणार? उद्या मी कायतरी सांगतो तुला." मी म्हटलं, "मामा, आजच जाऊ दे." काय सांगायचंय ते मी विचारलं नाही.

चुलत्यांच्या घरामागे छोटी भट्टी आहे. इंद्रजितने नाणं हातात घेऊन कितीतरी वेळ फिरवलं.

"ताई, चांदी झकास हाय. पर ह्याचा भाव चांदीचा न्हाई, छापाचा हाय. एकदा छाप गेला की नुसती मोड. इचार कर."

"केला."

"दाजींना इचारलंस?"

मी भट्टीकडे बोट केलं. तो म्हणाला, "निदान फोटू तरी काढून ठिव." आत्या खाटेवरून म्हणाल्या, "फोटूत बी नगं."

त्याने नाणं मुशीत ठेवलं, वर टाकणखाराची चिमूट टाकली. मी बघत राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही, घोडेस्वार लाल होऊन तसाच बसलेला. मला वाटलं हा जाणारच नाही. मग कडेची अक्षरं पुसली. मग मगर गेली. मग घोडा, आणि सगळ्यात शेवटी तलवारीचा हात, आणि एकदम सगळ्याचं चकचकीत पाणी झालं. इंद्रजितने ते साच्यात न ओतता तसंच गार केलं. सुपारीपेक्षा जरा मोठा गुळगुळीत गोळा झाला, खालून चपटा.

आत्यांनी हात जोडले. मग वहिनीने आणलेली पुरणाची पोळी दुधात कुस्करून अर्धी खाल्ली. अर्धी! मला रडू आलं. गावात पोरं रंग उडवत बोंबलत होती आणि आम्ही दोघी भट्टीपाशी बसून पोळी खात होतो.

आता सगळं ठीक व्हायला हवं. पण चांदीचा गोळा रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलाय आणि तिकडे बघवत नाही.


रविवार, १६ मार्च, सातारा

आज जे झालं ते कसं लिहू. पण लिहिलं नाही तर फुटेन.

सकाळी फोन. आधी इकडचं तिकडचं. मग म्हणाला, "संयू, नाणं काढ की जरा. हातात घे."

मी स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून उभी, हातात लाटणं. म्हटलं, "घेतलं."

"त्या घोडेस्वाराच्या डोक्यावर काय हाय? टोप हाय का फेटा?"

मला आठवेना. "टोप," म्हटलं.

"आन् घोड्याचा पुढचा पाय उचललेला हाय न्हवं? कंचा?"

"उजवा. म्हणजे... हो, उजवा. घोडा उजवीकडेच तोंड करून आहे ना."

 मग तो हळू आवाजात म्हणाला, "मागं डावीकडं म्हणालीस. डावीकडंच हाय त्ये. माज्या बोटांना पक्कं म्हाईत हाय."

"तेच की, डावीकडे. माझंच डावं-उजवं..."

"ऱ्हाऊ दे," म्हणाला, आणि फोन ठेवला. रागाने नाही. रागाने ठेवला असता तर बरं झालं असतं.

मामा दारात उभे होते. सगळं ऐकलेलं. त्यांनी माझ्या हातातलं लाटणं काढून ओट्यावर ठेवलं आणि मला गॅलरीत नेलं. सुभेदार साहेबांच्या हनुवटीचं कापणं मी पहिल्यांदा पाहिलं.

"त्याला दिसत न्हाई, पोरी."

मी म्हटलं, "काय दिसत नाही?" खरंच असं विचारलं मी.

"काईच. दोन्ही डोळं गेल्यात."

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गस्तीच्या गाडीखाली सुरुंग फुटला. बाकीचं शरीर वाचलं. जवळात जवळचा दवाखाना त्या बिनजमिनीच्या राज्याचा होता, तिथे ठेवलं. सहा तारखेपासून तो पुण्याला आहे, लष्करी रुग्णालयात. पुण्याला! इथून अडीच तासांवर! डाव्या डोळ्यावर आणखी एक शस्त्रक्रिया व्हायची होती, थोडी आशा होती. तिचा निकाल लागेपर्यंत घरात सांगायचं नाही, अशी त्याने बापाला शपथ घातली. काल निकाल लागला. उपयोग नाही.

मामा म्हणाले, "परवा धुळवडीला सांगणार हुतो. तोंड उघडंना माझं. शपथ हुती आन् भ्या बी हुतं." आणि माझ्यासमोर रडले.

कोकिळा. स्लोली, स्लोली. लिहायला काय हात मोडलाय, असं लिहिलं मी वर. वाचवत नाही.

आत्यांना संध्याकाळी सांगितलं. मला वाटलं त्या कोसळतील. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "जिवावरचं डोळ्यांवर निभावलं. वीर मोडला म्हणून निभावलं." मी वाद घातला नाही. डोळे गेले फेब्रुवारीत आणि नाणं मोडलं मार्चात, हे त्यांना सांगून काय मिळणार होतं? त्यांनी रात्रीसाठी स्वतः पिठलं टाकलं.

आणि मी? मी मोडलेलं मला कुणी निभावून देणार नाही.


मंगळवार, १८ मार्च

उद्या पुण्याला जायचं. आत्या आणि मामा परवा येणार, उद्या मी एकटी, असं मीच म्हटलं.

खरं लिहायचं तर मला जायचं नाही. मला भीती वाटते. त्याच्या चेहऱ्याची भीती वाटते. सगळे म्हणतील केवढी धीराची बाई, आणि मी आतून पळत असेन. आयुष्यभर त्याला हाताला धरून चालवायचं, मला जमेल? चिडायची सोय राहणार नाही. मला तर त्याच्यावर चिडायला फार आवडतं.

आणि नाण्याचं काय सांगू? त्याने मला एकच गोष्ट जपायला सांगितली होती. इंद्रजित म्हणाला, कुठून तरी तसंच दुसरं मागवू. दुसरं देऊन फसवू? बोटांनी ओळखेल. नाही ओळखलं तर आणखी वाईट.


बुधवार, १९ मार्च, रंगपंचमी, पुणे

तो खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. काळा चष्मा, कपाळावर नवी लालसर शिवण. तोच. थोडा वाळलेला. मी दारातच थांबले. तो म्हणाला, "संयू?"

"कसं ओळखलंत?"

"एसटीत बसून आलं की तुज्या पदराला डिझेलचा वास येतो. कायम."

मी त्याच्या शेजारी बसले आणि रडायचं नाही असं ठरवलेलं सगळं रडून घेतलं. त्याने रडू दिलं. मग विचारलं, "भ्यालीयस?" मी हो म्हटलं. "मी बी," तो म्हणाला. "लय."

मग नाण्याचं त्यानेच काढलं. त्या दवाखान्यात एक वयस्क परिचारिका होती, फिलिपिनो. खाटेवरून पहिल्यांदा उठून उभ्या राहिलेल्या प्रत्येक रुग्णाला ते लोक वर्धापनाचं नाणं देत होते. डोळ्यांवर पट्ट्या, आणि तिने ते त्याच्या हातात ठेवलं, त्याचं बोट धरून कडेवरून फिरवलं, स्लोली, स्लोली. मला इतकी लाज वाटली. नाण्यावरचा तो पडलेला म्हणजे मेलेला नव्हे, खाटेवर पडलेला! चूक कुणाची, फोनची की माझ्या मराठीची?

"आठवडाभर त्येच चाळवत हुतो," तो म्हणाला. "हळूहळू घोडा कळाय लागला. पर खरा घोडाच हाय का मी मनानं धरलाय, हे कुणाला इचारणार? तिथल्या कुणाला इचारलं तर बरं वाटावं म्हणून व्हय म्हणतील. तू खोटं बोलत न्हाईस. म्हणून तुझ्याकडं धाडलं. तू डावीकडं म्हणालीस, तवा म्हटलं, जमलं. बोटांनी दिसतंय आपल्याला. निभंल."

तू खोटं बोलत नाहीस. मी खिडकीबाहेर बघत होते.

"आन् मग उजवीकडं म्हणालीस," तो म्हणाला. "तवापासनं मला झोप न्हाई. म्हटलं, माझी बोटं बी गेली काय?"

मी पर्समधून रुमाल काढला, गाठ सोडली आणि गोळा त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने बोटं मिटली. अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा. उलटा केला. कपाळाची शिवण ओढली गेली. मी सगळं सांगितलं, जोतिबाचा चहा, तांदळाचा डबा, आत्यांची भोवळ, भट्टी, आणि माझं खोटं. "तुमची बोटं बरोबर होती," म्हटलं. "डावीकडेच होता. खोटी मी पडले."

 बाहेर पोरं एकमेकांवर रंगाचं पाणी मारत होती, तो आवाज तेवढा येत होता. त्याचा अंगठा त्या गोळ्यावर फिरतच होता, जणू कुठेतरी घोड्याची एखादी टाप राहिली असेल.

"ह्याच्यावर आता काईच न्हाई?" त्याने विचारलं.

"काहीच नाही."

"तुला बी काय दिसत न्हाई?"

"नाही हो."

"मग बरं झालं," तो म्हणाला, आणि चाचपत माझा हात शोधून तो गोळा आमच्या दोघांच्या तळव्यांमध्ये धरला. "ह्यो एक तरी तुला आन् मला सारखाच दिसतोय."